परदेशातील सेवाकार्यातून बेळगावला सुट्टीवर येणाऱ्या मिशनरी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात काम सुरू केले, त्या काळातील मिशनऱ्यांना मायदेशी जाण्यासाठी जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागे आणि त्या प्रवासात महिनोन् महिने जात. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाल्यावर हा काळ कमी झाला, तरी कामाचे ठिकाण सोडणे आणि घराचा उंबरा ओलांडणे यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर उरलेच होते. त्या अंतरात शरीराला विसावा मिळे, आणि ज्यांना सोडून आलो त्यांचा विचार करण्यास व ज्यांना भेटायचे त्यांच्यासाठी मनाची तयारी करण्यास सवड मिळे. आज बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडीकडचे मराठी ख्रिस्ती कुटुंब नैरोबीहून निघाले, तर दुसऱ्या दिवशी आजीच्या स्वयंपाकघरात बसलेले असते आणि त्याच संध्याकाळी पाळकसाहेब, शेजारी व भावकी भेटीला येतात. जहाजाने आपोआप दिलेली ती मोकळीक आता कोणी देत नाही. ती आपल्यालाच वेळापत्रकात घालून घ्यावी लागते. पुढील पायऱ्या याच विचारावर बेतलेल्या आहेत. त्या पूर्व आफ्रिकेत राहणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या असल्या, तरी नेपाळ किंवा आखाती देशांतून येणाऱ्यांनाही त्यांतील बराचसा भाग लागू पडेल.

पहिली पायरी: मुदत आणि ऋतू

तिकिटे काढण्यापूर्वी दोन गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि पाठवणाऱ्या मंडळीच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) समितीशी बोलून ठरवाव्यात: एकूण किती आठवडे यायचे आणि त्यांतील किती आठवडे मंडळीसाठी द्यायचे. माझ्या मते सहा आठवड्यांच्या सुट्टीत दोन आठवड्यांहून अधिक काळ मंडळीच्या कामाला देऊ नये. हे आधी लेखी कळवले तर कोणाचे मन दुखावत नाही. आल्यानंतर नकार देणे मात्र फार कठीण जाते, कारण बोलावणारी माणसे प्रेमानेच बोलावत असतात.

नाताळ घरी साजरा व्हावा अशी सर्वांची इच्छा असते आणि केनियातील शाळांची मोठी सुट्टीही नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच येते, त्यामुळे हा काळ सोयीचा ठरतो. हवा थंड व कोरडी असते, ऊस तोडणी चालू असते आणि खेड्यापाड्यांतील रस्ते चांगले असतात. तरी दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी भाषक काळा दिन पाळतात, म्हणून त्या दिवशी शहरात पोहोचण्याचा किंवा शहर सोडण्याचा बेत करू नये. दुसरे म्हणजे बेळगावातील सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन साधारणपणे डिसेंबरमध्येच भरते. त्या दिवसांत हॉटेले भरलेली असतात, मोर्चे निघतात आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापले तर दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या सीमेपर्यंतच धावतात. कोल्हापूर किंवा मिरजेचे नातेवाईक नाताळाला येणार असतील, तर त्यांनी रेल्वेचे आरक्षण करून ठेवणे बरे.

ज्या मुलांची शाळा पाश्चात्त्य वेळापत्रकाने चालते त्यांना जुलै-ऑगस्टची सुट्टी मिळते. तेव्हा खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, धुवाधार पाऊस असतो आणि चुलत-मावस भावंडे शाळेत गेलेली असतात. अशा वेळी दिवसभर घरात बसलेल्या मुलांची फार घुसमट होते. पर्याय असल्यास एप्रिल-मे निवडावा. ऊन सोसावे लागते, परंतु सगळी भावंडे मोकळी असतात.

दुसरी पायरी: वाट

मुंबईला उतरून बेळगावच्या सांबरा विमानतळावर येणे सर्वांत सोपे. मात्र मुंबई-बेळगाव विमानांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून दोन तिकिटांच्या मध्ये भरपूर अंतर ठेवावे किंवा एक रात्र मुंबईतच मुक्काम करावा. मुंबई आणि बेंगळुरू ही दोन्ही शहरे बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहेत आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून रात्रीच्या बसगाड्या मिळतात, तरी लांबच्या विमानप्रवासानंतर लहान मुलांना लगेच रात्रभराच्या बसमध्ये बसवू नये. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीत झोपून येता येते. गोव्याला उतरणाऱ्यांनी चोर्ला घाट दिवसाउजेडी ओलांडावा, आणि पावसाळ्यात त्याआधी रस्त्याची चौकशी करावी.

केनिया, युगांडा, इथिओपिया अशा पीतज्वराच्या (यलो फिव्हरच्या) देशांतून येणाऱ्यांजवळ लसीचे पिवळे प्रमाणपत्र असणे सक्तीचे आहे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. ते नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात जावे लागू शकते. ही प्रमाणपत्रे मोठ्या सामानात टाकू नयेत, पासपोर्टसोबतच ठेवावीत.

तिसरी पायरी: राहायचे कोठे

या प्रश्नाकडे बहुतेक कुटुंबे प्रश्न म्हणून पाहतच नाहीत, कारण घर असताना दुसरीकडे कशाला राहायचे, असे सर्वांनाच वाटते. तरीही तो जरूर विचारावा. आईवडिलांच्या दोन खोल्यांच्या घरात चार माणसे महिनाभर राहिली की स्नानाच्या वेळांपासून दूरदर्शनच्या आवाजापर्यंत प्रत्येक गोष्टीत कोणीतरी मन मारत असते. सून परदेशात स्वतःचे घर चालवत असते आणि इकडे सासूबाईंचे स्वयंपाकघर त्यांच्या पद्धतीने चाललेले असते. दोघींनाही एकमेकींचा आदर असला, तरी दुसऱ्या आठवड्यात ताण जाणवू लागतो. मुक्काम तीन आठवड्यांहून अधिक असेल, तर त्याच गल्लीत किंवा चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या घ्याव्यात. टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प या भागांत अशी जागा ओळखीने मिळू शकते, आणि काही मंडळ्यांच्या आवारात पाहुण्यांसाठी खोलीही असते.

हे आईवडिलांना कसे सांगावे, यातच सारे आहे. चार ओळींच्या संदेशातून किंवा धाकट्या भावाच्या तोंडून कळवू नये. येण्याच्या दोन-तीन महिने आधी मुलाने स्वतः आईशी बोलावे, आणि दिवसाचे जेवण व संध्याकाळची प्रार्थना तिच्याच घरी होईल, फक्त झोपणे व मुलांचा अभ्यास दुसरीकडे होईल, हे स्पष्ट सांगावे. वेगळी खोली घेणे म्हणजे वेगळे निघणे, असा अर्थ आपल्याकडे चटकन काढला जातो. तो शेजाऱ्यांनी काढण्यापूर्वी घरच्यांना खरे कारण ठाऊक असावे. किराणा, गॅस, दूध यांसाठी पहिल्याच दिवशी आईच्या हातात ठराविक रक्कम द्यावी. निवृत्तिवेतनावर चालणारी घरे पाहुण्यांसाठी कर्ज काढून मटण आणतात आणि त्याचा उच्चारही करत नाहीत. मुलगा परदेशातून आला म्हणजे पैसेवाला असणार, अशी समजूत असली तरी पैशांची मागणी कधी तोंडावर येत नाही.

चौथी पायरी: पहिले दहा दिवस

पूर्व आफ्रिका आणि भारत यांच्या वेळेत अडीच तासांचेच अंतर आहे, त्यामुळे झोपेचे वेळापत्रक दोन-तीन दिवसांत बसते आणि कुटुंबाला आपण सावरलो असे वाटू लागते. मनाचा थकवा मात्र त्यानंतर वर येतो. तिकडे वर्षानुवर्षे जपून बोलणारा, आजाऱ्यांची रात्ररात्र सेवा करणारा, दुष्काळ किंवा दंगल पाहिलेला माणूस घरी आल्यावर दिवसा झोपतो, विनाकारण चिडतो, गर्दीत गप्प बसतो. हा आळस नव्हे, गर्वही नव्हे. पहिले दहा दिवस वृत्तांत नाही, उपदेश नाही आणि दुसऱ्या गावी मुक्काम नाही, असा नियम समितीनेच जाहीर करावा; तो समितीकडून आला तर कुटुंबावर दोष येत नाही. पहिल्या रविवारी उपासनेला जरूर जावे, परंतु मागच्या बाकावर बसून प्रभुभोजन घ्यावे आणि घरी यावे. पाळकसाहेबांनी व्यासपीठावर बोलावू नये, याची विनंती त्यांना आधीच करून ठेवावी.

या दिवसांत नवराबायकोने एक तास दररोज एकत्र चालावे. सकाळी कॅम्पातील झाडांच्या रस्त्यांवर किंवा किल्ल्याच्या तळ्याकाठी हे सहज जमते. तिकडे जे घडले त्याविषयी दोघे आपसांत प्रथम बोलले, तर पुढे मंडळीपुढे बोलताना एकाच्या तोंडून दुसऱ्याला नवीन काही ऐकावे लागत नाही.

पाचवी पायरी: आरोग्य

दहा दिवस संपण्यापूर्वीच वैद्यकीय तपासण्या उरकून घ्याव्यात. रक्त, शौच, छातीची तपासणी, डोळे आणि विशेषतः दात यांची कामे परदेशात खर्चामुळे लांबणीवर पडलेली असतात, आणि दातांच्या उपचारांना तीन-चार खेपा लागतात. बेळगावात केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय आणि शासकीय बिम्स रुग्णालय अशा दोन्ही प्रकारच्या सोयी आहेत.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये. मलेरियाच्या प्रदेशातून परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर तो हवाबदलाचा किंवा प्रवासाचा ताप समजून घरी काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे प्रथम सांगावे आणि मलेरियासाठी रक्ततपासणी मागावी. तिकडे आढळणारा फॅल्सिपेरम मलेरिया थोड्याच दिवसांत जीवघेणा होऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्या चालू असतील, तर भारतात पोहोचताच त्या बंद करू नयेत, कारण त्यांतील काही चार आठवडे पुढे घ्याव्या लागतात.

सहावी पायरी: मंडळीपुढील वृत्तांत

ज्या मंडळीने प्रार्थना केली आणि दानार्पणातून पाठवले, तिला ऐकण्याचा हक्क आहे. तो हक्क पुरवताना कुटुंब झिजू नये, एवढीच काळजी घ्यायची. बेळगाव शहरातील मुख्य उपासना, एक महिला मंडळाची सभा, तरुण संघाची एक संध्याकाळ आणि खानापूर, निपाणी, गोकाक किंवा चिक्कोडीकडील दोन-तीन लहान मंडळ्या, इतका दौरा पुरेसा आहे. खेड्यातील मंडळ्यांना वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. तेथे एका कुटुंबाने दिलेले पन्नास रुपये हे शहरातील मोठ्या देणगीपेक्षा अधिक कष्टाचे असतात, आणि तेथील लोक नावे घेऊन प्रार्थना करत आलेले असतात.

व्यासपीठावरून वीस मिनिटांपेक्षा अधिक बोलू नये. देशाचा भूगोल सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा तीन माणसांची हकिकत सांगावी: एक ज्यांच्यात बदल झाला, एक ज्यांनी आपल्याला शिकवले आणि एक ज्यांच्याबाबत प्रार्थनेचे उत्तर अजून मिळालेले नाही. तिसरी हकिकत टाळण्याचा मोह होतो, कारण पाठवणाऱ्यांना यश ऐकायचे असेल असे वाटते. परंतु अपयश प्रामाणिकपणे सांगितले की मंडळी अधिक जबाबदारीने प्रार्थना करते. ज्यांची हकिकत सांगतो त्यांची संमती तिकडून निघण्यापूर्वी घ्यावी. उपाशी किंवा आजारी मुलांची छायाचित्रे पडद्यावर दाखवू नयेत. आपल्या गावच्या मुलांची अशी छायाचित्रे परदेशात दाखवली गेली असती तर आपल्याला कसे वाटले असते, हे स्वतःला विचारावे.

भाषेचीही तयारी लागते. शहरात मराठी उपासना मिळते, परंतु गोकाक, हुक्केरी, बैलहोंगलकडे बरेचसे श्रोते कन्नड बोलणारे असतात. दुभाष्या आधी ठरवावा, त्याच्याबरोबर बसून मजकूर वाचावा आणि वीस मिनिटांचे बोलणे दहा मिनिटांत आणावे. सुरुवातीची दोन वाक्ये तरी स्वतः कन्नडमध्ये बोलावीत. तोडकीमोडकी चालतील, पण दुभाष्याच्या तोंडून आलेल्या अभिवादनापेक्षा त्यांनी लोकांचे अंतःकरण लवकर उघडते.

उपासनेत पैशांची मागणी करू नये. गरजा असतील तर खजिनदार व समितीसोबत वेगळी बैठक घ्यावी आणि तेथे जमाखर्चाचा लेखी तक्ता ठेवावा.

सातवी पायरी: मुले

आपण घरी येतो, मुले मात्र पाहुणी म्हणून येतात. ज्या घराला आपण आपले म्हणतो ते त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलेले असते, आणि त्यांचे मित्र, शाळा, आवडते झाड, सारे तिकडे राहिलेले असते. म्हणून निघण्यापूर्वी सहा महिने दर आठवड्याला आजी-आजोबांशी मुलांचे स्वतंत्र बोलणे सुरू करावे. आजोबांनी एखादी गोष्ट वाचून दाखवावी, नातीने तिच्या शाळेतील एक गोष्ट सांगावी. पहिल्या भेटीत मग बोलायला विषय असतो. मराठी वाचता येत नसेल तर उपासनेतील चार-पाच गीते तरी पाठ करून घ्यावीत, म्हणजे पहिल्या रविवारी मूल इतरांबरोबर गाऊ शकते.

मराठी समजते पण बोलताना अडखळते अशा मुलाला नातेवाईक हसतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते, तरी मूल त्यानंतर तोंड उघडत नाही. आल्यावर पहिल्याच दिवशी काका-काकूंना बाजूला घेऊन सांगावे की चुका दुरुस्त करू नका, उत्तर द्या. तसेच प्रत्येक पाहुण्यापुढे मुलाला स्वाहिली गाणे म्हणायला लावू नये. एकदा मंडळीच्या नाताळ कार्यक्रमात, त्याच्या इच्छेने, ते म्हणावे आणि तेवढ्यावर थांबावे.

नाताळाच्या फराळाच्या करंज्या भरणे, गव्हाण (येशूजन्माचा देखावा) उभारणे, नाताळगीते गात घरोघरी जाणाऱ्या तरुणांबरोबर फिरणे, मामाच्या मळ्यात गुऱ्हाळावर जाणे, अशा कामांत मुलांना हात घालू द्यावा. पर्यटनस्थळे एक-दोनच ठेवावीत. गोकाकचा धबधबा पावसाळ्यानंतर पाहण्यासारखा असतो. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एक दिवस तिकडच्या मित्रांशी बोलण्यास मोकळा ठेवावा. ही सवय इकडच्या माणसांवर अन्याय करते असे काहींना वाटते. अनुभव उलट आहे: तिकडचा धागा तुटला नाही याची खात्री असलेले मूल इकडे लवकर रमते.

एखादे मूल शिक्षणासाठी मागे ठेवण्याचा विचार असेल, तर शाळेची भेट याच सुट्टीत घ्यावी. कन्नड भाषा अध्ययन अधिनियम, २०१५ नुसार कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक आहे, त्यामुळे वरच्या वर्गात प्रवेश घेणाऱ्या मुलाला त्या विषयासाठी स्वतंत्र शिकवणी लागेल, हे धरून चालावे.

आठवी पायरी: कागदपत्रे आणि पैसा

परदेशात जन्मलेल्या बाळाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तेथील भारतीय दूतावासात करावी. ते राहून गेले असेल तर सुट्टीची वाट न पाहता तिकडेच चौकशी करावी. भारतीय पासपोर्टधारकांना आधार काढण्यासाठी १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट राहिलेली नाही, आणि मुलांच्या पाचव्या व पंधराव्या वर्षीचे बायोमेट्रिक अद्ययावत करण्याचे काम याच वेळी उरकता येते. आयकराच्या दृष्टीने एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहिल्यास माणूस निवासी ठरतो, म्हणून दीर्घ मुक्काम करणाऱ्यांनी तारखा ठरवण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे. ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे मुक्काम विभागला तर पुष्कळदा अडचण टळते.

कुटुंबातील कोणी परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर येत असेल, तर विशेष लक्ष द्यावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला मिशनरी कार्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. नातेवाइकांना भेटणे आणि उपासनेला बसणे वेगळे, दौरा काढून उपदेश करणे वेगळे. शंका असल्यास अशा व्यक्तीला कार्यक्रमपत्रिकेत घालू नये.

दानाबाबतही तितकीच दक्षता हवी. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान धरली जात नाही. परंतु परदेशी नागरिकाने किंवा तिकडच्या मंडळीने दिलेली रक्कम विदेशी योगदान ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते लागते. तिकडच्या मित्रांनी प्रेमाने दिलेले पाकीट खेड्यातील मंडळीच्या दानपेटीत टाकणे म्हणूनच योग्य नव्हे.

नववी पायरी: आईवडिलांचे प्रश्न

वडिलांची शुगर, आईचे गुडघे, शेताचा उतारा, आजोबांच्या नावावरील घराची वारसा नोंद, बँकेतील नामनिर्देशन: हे विषय शेवटच्या आठवड्यात, बॅगा भरताना निघतात आणि भावंडांत कटुता येते. मुक्कामाच्या मध्यावर एक दिवस ठरवून सर्व भावंडांनी एकत्र बसावे. जो भाऊ किंवा बहीण गावी राहून आईवडिलांना सांभाळत आहे, त्यांना प्रथम बोलू द्यावे. देवाच्या कामासाठी दूर गेलेला मुलगा कौतुकाचा धनी होतो आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणारी बहीण गृहीत धरली जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि मिशनरी कुटुंबानेच ते उघडपणे मान्य करावे असे मला मनापासून वाटते. दरमहा किती रक्कम पाठवायची आणि आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा, हे त्याच बैठकीत लिहून ठेवावे.

दहावी पायरी: परतीची तयारी

शेवटचे पाच दिवस निरोपासाठी मोकळे ठेवावेत. निरोपाची प्रार्थनासभा निघण्याच्या आदल्या रात्री न ठेवता दोन दिवस आधी ठेवावी, म्हणजे शेवटची संध्याकाळ आईवडिलांना मिळते.

बेळगावचा कुंदा सर्वांना न्यावासा वाटतो, परंतु तो खव्याचा असल्याने फार दिवस टिकत नाही. गोकाकचे करदंट अधिक टिकते व प्रवासात मोडतही नाही. लोणची आणि मसाले मोठ्या सामानात, घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावेत, आणि त्या देशात कोणते खाद्यपदार्थ व बियाणे चालत नाहीत हे पाहून घ्यावे. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, म्हणून आईने प्रत्येक वस्तूला बांधलेल्या पिशव्या येथेच सोडवून कापडी पिशव्या घ्याव्यात.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत समितीला एक पानाचे पत्र लिहावे: दौऱ्यात कोणाला काय कबूल केले, वैद्यकीय उपचारांपैकी काय बाकी राहिले, पुढील सुट्टी साधारण केव्हा असेल. ज्या खेड्यांतील मंडळ्यांना भेट देणे जमले नाही त्यांची नावे त्यात लिहावीत आणि पुढच्या वेळी दौरा तेथूनच सुरू करावा.